न्यूट्रिनो आणि कृष्णद्रव्य: दोघेही अदृश्य, तरी वेगळे

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अतिशय हलका मूलकण. तो प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. त्याला वस्तुमान आहे, याचा ठोस पुरावा जपानमधल्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने १९९८ मध्ये दिला. शिवाय विश्वाच्या बाल्यावस्थेतले न्यूट्रिनो आजही दर घनसेंटिमीटरला तीनशेहून अधिक आहेत. मग दीर्घिकांना बांधून ठेवणारं कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, ते हेच नसेल का?

ही शंका भाबडी मुळीच नाही. नागपुरात जन्मलेले रामनाथ कौशिक आणि त्यांचे सहकारी मॅक्लेलँड यांनी १९७३ मध्ये नेमकं हेच सुचवलं होतं: वस्तुमान असलेल्या न्यूट्रिनोंचं गुरुत्वाकर्षण दीर्घिकांचे समूह सांभाळू शकेल. १९८० मध्ये मॉस्कोच्या एका गटाने ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, प्रयोगातून न्यूट्रिनोचं वस्तुमान ३० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (कणांचं वस्तुमान मोजण्याचं एकक) आसपास असल्याचा दावा केला. तो खरा असता, तर विश्वातलं बहुतेक द्रव्य न्यूट्रिनोंचंच ठरलं असतं. पुढे तो दावा टिकला नाही.

पण माझ्या मते वजनापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगाचा आहे. महास्फोटानंतर साधारण एका सेकंदाने, तापमान १००० कोटी अंशांच्या घरात असताना, न्यूट्रिनोंचा बाकीच्या कणांशी संबंध तुटला. तेव्हा ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत होते, आणि पुढेही बराच काळ धावत राहिले. जिथे द्रव्य किंचित दाट होतं तिथून ते निसटले, आणि ती दाटीच पुसली गेली. म्हणून न्यूट्रिनोंचं राज्य असलेल्या विश्वात आधी दीर्घिकांच्या महासमूहांएवढे अवाढव्य ढग तयार व्हायला हवेत आणि ते फुटून मग दीर्घिका. आकाशात याच्या उलट दिसतं. दीर्घिका जुन्या आहेत, महासमूह अजून जुळताहेत. व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी १९८३ मध्ये संगणकावर असं न्यूट्रिनोंचं विश्व घडवून पाहिलं. त्यातले पुंजके खऱ्या आकाशाशी जुळेनात.

कृष्णद्रव्याचे कण मात्र सुरुवातीपासून संथ असावे लागतात. तसे असले की लहान पुंजके टिकतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात. त्यासाठी कण जड असायलाच हवा असंही नाही. ॲक्सिऑन हा कल्पिलेला कण न्यूट्रिनोहूनही हलका असू शकतो, पण तो जन्मतःच जवळपास स्थिर असेल.

आजचा हिशेब पाहा. विश्वाच्या एकूण ऊर्जेत कृष्णद्रव्याचा वाटा सुमारे २६ टक्के, न्यूट्रिनोंचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रिनो आता मंदावला आहे, तरी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३००० किलोमीटर भरतो. आपली आकाशगंगा त्याला धरून ठेवू शकत नाही.

तरीही या अर्ध्या टक्क्याच्या आतल्या वाट्याचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत उरतो, आणि मला यातलं सर्वात विलक्षण हेच वाटतं. न्यूट्रिनोंमुळे लहान पुंजक्यांची वाढ किंचित मंदावते. ती मोजून प्लँक उपग्रहाच्या आणि इतर निरीक्षणांनी न्यूट्रिनोंच्या तिन्ही प्रकारांच्या वस्तुमानांची बेरीज ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी असल्याचं दाखवलं. प्रयोगशाळेत हे वस्तुमान थेट मोजणाऱ्या जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाची २०२५ मधली वरची मर्यादा एका न्यूट्रिनोसाठी ०.४५ आहे. आणि न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात रूप बदलतात, त्यावरून तिघांची बेरीज किमान ०.०६ असलीच पाहिजे. खरं उत्तर आता या अरुंद फटीत शोधलं जातंय.