क्ष-किरण प्रतिमाचित्रण आणि त्यातील व्यवसाय (इंदूरच्या संदर्भात)

शरीर न उघडता त्याच्या आतील रचनेची प्रतिमा मिळवण्याच्या वैद्यकीय पद्धतींना एकत्रितपणे प्रतिमाचित्रण म्हणतात. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय आणि सोनोग्राफी या त्यांतील रोजच्या वापरातल्या पद्धती असून, त्यांपैकी पहिल्या दोनच क्ष-किरणांवर चालतात. या नोंदीत साध्या एक्स-रेवर अधिक भर दिला आहे. सर्वाधिक रुग्णांचा संबंध याच तपासणीशी येतो आणि चित्र घेणाऱ्या तंत्रज्ञाचे कसब सर्वांत स्पष्टपणे दिसते तेही याच तपासणीत.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी आपल्या प्रयोगशाळेत या किरणांचा शोध लागला. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले; त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. राँटगेन यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही आणि काही महिन्यांतच अनेक देशांतील डॉक्टर मोडलेली हाडे व शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधण्यासाठी हे किरण वापरू लागले. १९०१ मध्ये भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

क्ष-किरण नलिकेत तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने टंगस्टनच्या पृष्ठावर आदळतात. या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के भागाची उष्णता होते आणि जेमतेम एक टक्क्याचे क्ष-किरण बनतात. म्हणूनच नलिकेतील टंगस्टनची चकती वेगाने फिरती ठेवून उष्णता एका जागी साचू दिली जात नाही. शरीरातून जाताना कॅल्शियमयुक्त हाड हे किरण बरेच शोषून घेते, स्नायू व रक्त कमी शोषतात आणि फुप्फुसातील हवा जवळजवळ अडवतच नाही. त्यामुळे चित्रात हाड पांढरे, फुप्फुस काळे आणि हृदय या दोहोंच्या मधल्या छटेचे दिसते. पूर्वी हे चित्र फिल्मवर घेऊन अंधाऱ्या खोलीत धुतले जाई. आता ते डिजिटल पटलावर काही सेकंदांत उमटते. मात्र चुकीच्या पद्धतीने उभ्या केलेल्या रुग्णाचे चित्र डिजिटल यंत्रावरही चुकीचेच येते.

छातीचा एक्स-रे हे याचे उत्तम उदाहरण आहे. रुग्णाला पटलाकडे तोंड करून उभे करतात आणि किरण पाठीकडून सोडतात, कारण हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असल्याने ते पटलाजवळ राहते व त्याची सावली फारशी फुगत नाही. नलिका सुमारे १८० सेंटिमीटर दूर ठेवण्यामागेही हेच कारण असते. हनुवटी वर, हात कमरेवर उलटे आणि खांदे पुढे झुकवलेले, अशी ठेवण केली की खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मंगळसूत्र, ताईत, केसांचे आकडे काढायला सांगावे लागते आणि वेणी वर बांधावी लागते. मानेवरून उतरलेली जाड वेणी फुप्फुसाच्या वरच्या भागात डागासारखी उमटते आणि क्षयाची शंका बहुधा त्याच भागात घेतली जाते. शेवटी पूर्ण श्वास घेऊन तो रोखायचा असतो. इंदूरमध्ये ही सूचना अर्थातच हिंदीत दिली जाते. पण घराबाहेर फारसे न पडणाऱ्या मराठी आजींना ऐनवेळी ती कळतेच असे नाही, आणि अशा वेळी ‘आजी, दीर्घ श्वास घ्या, आता धरून ठेवा’ एवढे मराठीत सांगणारा तंत्रज्ञ दुसऱ्यांदा किरण सोडण्याची वेळ टाळू शकतो. अर्धवट श्वासातल्या चित्रात हृदय मोठे आणि फुप्फुसांचा तळ धूसर दिसतो. नसलेल्या आजाराचा संशय यातून सहज निर्माण होतो.

या काटेकोरपणाला माळव्यात आणखी एक गंभीर कारण आहे. इंदूरच्या पश्चिमेकडील धार, झाबुआ आणि अलीराजपूर जिल्ह्यांतील अनेक आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिस (सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून होणारा आजार) घेऊन परतले, आणि मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिलींच्या उद्योगातही हा आजार फार पूर्वीपासून ज्ञात आहे. सिलिकोसिसचे निदान धुळीच्या कामाचा इतिहास आणि छातीचा एक्स-रे यांवर मुख्यतः आधारलेले असते, आणि त्यातील बारीक ठिपके आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाण चित्रांशी ताडून पाहिले जातात. जादा किरण सोडलेल्या चित्रात हे ठिपके पुसट होतात, तर कमी किरणांच्या चित्रात नसलेले ठिपकेही असल्यासारखे भासू शकतात. नुकसानभरपाईसाठी झगडणाऱ्या मजुराच्या हातात अशा वेळी चांगले चित्र हाच मोठा पुरावा असतो. म्हणून एक्स-रे काढणे म्हणजे नुसते बटण दाबणे, हा समज अत्यंत अन्यायाचा आहे.

इतर पद्धतींचा येथे थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. सीटी स्कॅनमध्ये नलिका शरीराभोवती फिरते आणि संगणक आडव्या छेदांच्या प्रतिमा तयार करतो. या शोधासाठी गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने मुख्यतः शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवले जातात. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, आणि गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरामुळे भारतात ती १९९४ च्या कायद्याच्या कक्षेत आहे. नोंदणी नसलेल्या केंद्रात ती करता येत नाही.

छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहून कमी मात्रा मिळते, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती त्याच्या कितीतरी पट असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्यामुळे एका साध्या चित्राला घाबरण्याचे कारण नाही, पण विनाकारण सीटी स्कॅनचा आग्रह धरणेही योग्य नाही. कर्मचाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठेवली आहे. तंत्रज्ञ छातीवर शिशाच्या ॲप्रनच्या आत, मिळालेल्या किरणांची नोंद ठेवणारा एक बिल्ला लावतो आणि दर तीन महिन्यांनी तो मोजणीसाठी पाठवला जातो. हा बिल्ला ड्युटी संपल्यावर किरणांच्या खोलीत टांगून ठेवला, तर त्याची नोंद निरर्थक होते.

इंदुरात होळकरांच्या काळापासून स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही इतर मध्यमवर्गीय घरांप्रमाणे मुलांच्या शिक्षणाचा विचार बहुधा डॉक्टर आणि इंजिनियर या दोन वाटांभोवती फिरतो. या क्षेत्रात मात्र आणखी वाटा आहेत. एमबीबीएसनंतर नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांची एमडी रेडिओडायग्नोसिस पदवी घेणारा डॉक्टर चित्राचा अर्थ लावून अहवाल लिहितो. ही शाखा वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांच्या पसंतीची आहे. बारावी विज्ञानानंतर रेडिओग्राफीची पदविका किंवा पदवी घेऊन तंत्रज्ञ होता येते. पदविकेला साधारण दोन वर्षे लागतात, तर पदवीला प्रशिक्षणासह तीन ते चार. या व्यवसायांचे नियमन २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली आणले गेले आहे, त्यामुळे प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता तपासणे अत्यावश्यक आहे. शहरातील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये सुरू झाले आणि त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एमवाय’, येथे गर्दीमुळे शिकणाऱ्याच्या नजरेखालून असंख्य प्रकारची चित्रे जातात.

भौतिकीची आवड असणाऱ्यांसाठी इंदूरमध्ये एक विशेष गोष्ट आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या, आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत इंडस-१ आणि इंडस-२ हे भारतातील सिंक्रोट्रॉन स्रोत, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रखर किरण मिळवणारी यंत्रे, आहेत. सुमारे १७२ मीटर परिघाच्या इंडस-२ मध्ये २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वळणे घेताना क्ष-किरण सोडतात, आणि त्याच्या एका किरण-वाहिनीवर सूक्ष्म प्रतिमाचित्रणाचे संशोधन चालते. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या भौतिकीच्या पदव्युत्तरासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील विकिरण-भौतिकीची पदविका हा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होण्याचा प्रस्थापित मार्ग आहे.