रामगुंडम अमोनिया-युरिया कारखाना

तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात, गोदावरीच्या दक्षिणेस असलेला सार्वजनिक क्षेत्रातील खत कारखाना. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शेतकऱ्यांसाठी तो परराज्यातला असला तरी परका नाही. बल्लारशाहून काजीपेठकडे निघालेली गाडी सिरपूर कागजनगर, मंचेरियाल मागे टाकून गोदावरीचा पूल ओलांडते आणि रामगुंडम येते. महाराष्ट्रात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे (आरसीएफ) कारखाने आहेत ते मुंबईत ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला, म्हणजे दोन्ही कोकण किनाऱ्यावर. त्यामुळे विदर्भाच्या दक्षिण टोकाला रामगुंडमच जवळचे.

या कारखान्याची पहिली उभारणी भारतीय उर्वरक निगमाने (एफसीआय) केली. 1961 साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने ओडिशात तालचेर आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात रामगुंडम असे जुळे कारखाने आखले. दोन्हींची क्षमता सारखी होती: दिवसाला 900 टन अमोनिया आणि 1,500 टन युरिया. दोन्हीकडे कच्चा माल होता कोळसा. त्या काळी देशात खतासाठी प्रामुख्याने नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा पातळ पदार्थ, वापरला जाई. त्याऐवजी रामगुंडम परिसरातल्या सिंगरेणीच्या खाणींतला, हाताशी असलेला कोळसा वापरावा, हा विचार आजही चुकीचा वाटत नाही. काम सुरू असतानाच, 1978 मध्ये, सरकारने खत कंपन्यांची फेररचना केली. आरसीएफ त्याच फेररचनेतून जन्मली. रामगुंडम मात्र जुन्या निगमाकडेच राहिले, आणि 1 नोव्हेंबर 1980 रोजी तेथे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

कोळशाची बारीक भुकटी करून ती ऑक्सिजन आणि वाफेबरोबर भट्टीत जाळायची, निघालेल्या वायूतून गंधक काढायचे, हायड्रोजन वेगळा करायचा आणि हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवायचा, अशी ही पद्धत. कागदावर ती सरळ दिसते. पण या कोळशात राख फार. वणी-घुग्घूसच्या खाणींजवळ राहणाऱ्यांना राखेचा कोळसा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. राखेने यंत्रे झिजत, नळ्या तुंबत. त्यात वीजपुरवठा बेभरवशाचा. अमोनियाचा कारखाना पिठाच्या गिरणीसारखा कळ दाबून बंद-चालू करता येत नाही. एकदा थांबला की शेकडो अंश तापमानाची उपकरणे थंड होतात आणि ती पुन्हा हळूहळू तापवून, वायू शुद्ध करून, दाब चढवून उत्पादन रुळावर यायला काही दिवस जातात. म्हणजे वीज तासाभरासाठी गेली तरी नुकसान दिवसांचे. शेजारचे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे मोठे वीजकेंद्र 1983 साली सुरू झाले, तरी कारखान्याची घडी बसली नाही. क्षमतेइतके उत्पादन कधी निघाले नाही, तोटा साचत गेला. 1992 मध्ये निगमाचे प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे (बीआयएफआर) गेले, 31 मार्च 1999 रोजी रामगुंडमचे उत्पादन थांबले आणि 2002 मध्ये केंद्र सरकारने निगमाचे कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली.

1999 नंतरची बावीस वर्षे उत्पादनाविना गेली. नेमक्या याच काळात विदर्भाची शेती बदलली. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, पाठोपाठ पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, रासायनिक खताचा डोज देण्याचे प्रमाण वाढले, आणि खताची मागणी वाढत असताना सर्वांत जवळचा कारखाना गंजत पडला होता. कारखान्याच्या इतिहासातली ही सर्वांत खेदाची बाब मानावी लागेल.

पुनरुज्जीवनाने मालकीचे रूप बदलले. 17 फेब्रुवारी 2015 रोजी रामगुंडम फर्टिलायझर्स अँड केमिकल्स लिमिटेड (आरएफसीएल) ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. तिच्यात नॅशनल फर्टिलायझर्स आणि इंजिनिअर्स इंडिया यांचा प्रत्येकी 26 टक्के, गेल या सरकारी वायू कंपनीचा 14.3 टक्के, डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सोच्या गटाचा 11.7 टक्के आणि तेलंगणा सरकारचा 11 टक्के वाटा आहे. उरलेले 11 टक्के जुन्या निगमाचे. त्याने जमीन आणि वापरात येण्याजोगी मालमत्ता दिली, त्या बदल्यात हा वाटा मिळाला. ज्या निगमाला कारखाना चालवता आला नाही, तोच जमिनीच्या बळावर नव्यात भागीदार आहे. भूमिपूजन 7 ऑगस्ट 2016 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गजवेल येथून केले, व्यापारी उत्पादन मार्च 2021 मध्ये सुरू झाले आणि 12 नोव्हेंबर 2022 रोजी कारखान्याचे लोकार्पण झाले.

नव्या कारखान्यात कोळसा नाही. आंध्र किनाऱ्यावरच्या मल्लावरमपासून आलेल्या वाहिनीतून नैसर्गिक वायू मिळतो. वायू आणि वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून नेऊन हायड्रोजन काढतात, नायट्रोजन हवेतून घेतात आणि प्रचंड दाबाखाली, 400 अंशांहून अधिक तापमानात, लोहयुक्त उत्प्रेरकावर दोघांचा अमोनिया होतो. हायड्रोजन काढताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाया जात नाही. तोच अमोनियाशी जोडून युरिया बनवतात. क्षमता दिवसाला 2,200 टन अमोनिया आणि 3,850 टन युरिया. एक टन युरियाला सुमारे 570 किलो अमोनिया लागतो, तेव्हा तयार झालेला जवळजवळ सगळा अमोनिया युरियातच जातो. वर्षाची क्षमता 12.7 लाख टन आहे. 3,850 टन म्हणजे 45 किलोच्या साधारण 85 हजार बॅगा, एका दिवसात.

पण कारखाना बारमाही आणि शेत हंगामी, ही खरी अडचण आहे. पावसाने उघडीप दिली, डवरणी (ओळींमधली कोळपणी) झाली, की आठवडाभरात पऱ्हाटीला युरिया हवा असतो. गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडे रोवणीनंतर धानाला तोच. त्या दिवसांत मालगाडी रेक पॉइंटवर, म्हणजे खत उतरवण्याच्या स्थानकावर, उशिरा लागली तर कृषी केंद्रासमोर पहाटेपासून रांगा लागतात. पॉस मशीनवर (विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर) अंगठा देऊन मिळतील तेवढ्या बॅगा घ्यायच्या. टंचाईत युरियासोबत नको असलेले दुसरे खत किंवा औषध गळ्यात मारले जाते. त्याला सगळे 'लिंकिंग' म्हणतात. नियमाने त्याला मनाई आहे, तरी दर हंगामात त्याच्या तक्रारी असतात.

2018 पासून बॅग 50 ऐवजी 45 किलोची झाली. कडुनिंबाचे लेपन असलेल्या बॅगेची किंमत 266 रुपये 50 पैसे असून खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार अनुदानातून भरते. युरियात 46 टक्के नायट्रोजन असल्याने एका बॅगेतून शेताला 20.7 किलो नायट्रोजन मिळतो. 2022 च्या अखेरीपासून देशभरचा युरिया 'भारत' या एकाच नावाने विकला जातो, त्यामुळे चुंगडी कोणत्या कारखान्यातून आली हे बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही. 2025 च्या खरिपात बिघाडामुळे रामगुंडमचे उत्पादन काही काळ बंद पडले आणि ऐन हंगामात तेलंगणात युरियाची टंचाई झाली.