ज्येष्ठांच्या वसाहतीतलं घर: विकत घेतलेलं आणि डिपॉझिटवर मिळालेलं

मावशीच्या जेवणाच्या टेबलावर दोन फायली होत्या. एक सिंहगड रस्त्याच्या पलीकडच्या वसाहतीची, दुसरी तळेगावच्या बाजूची. दोन्हीकडे वन बीएचके, दोन वेळचं जेवण, रात्रपाळीला नर्स, बागेत फिरायला सपाट वाट. काकांनी दोन्ही फायलींवर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला होता: एकीवर ६० लाख, दुसरीवर ३० लाख. "सोयी त्याच, आणि निम्म्या पैशात. मग विचार कसला करायचा?" काका म्हणाले.

मावशी-काका कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. घर १९९४ मध्ये घेतलेलं. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा तीन वर्षं भाड्याच्या घरात काढण्यापेक्षा हे घर विकून ज्येष्ठांच्या वसाहतीत जावं असं दोघांनी ठरवलं. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर इथल्या अनेक घरांत सध्या हेच बोलणं चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकांच्या हिशोबात एकच गफलत होती. ६० लाख ही घराची किंमत होती आणि ३० लाख हे डिपॉझिट होतं. पहिल्या फाईलमधला कागद विक्रीचा करारनामा होता, दुसऱ्या फाईलमधला लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा. माहितीपत्रकावर दोन्ही घरं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. खरा फरक कागदात असतो, आणि तो कागद आपल्या हातात बहुतेक वेळा टोकन दिल्यावर पडतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवते. या दोन्हींपैकी कशालाच वृद्धाश्रम म्हणता येणार नाही. नवी पेठेतल्या ‘निवारा’सारख्या संस्था सेवाभावाने चालतात आणि त्यांचं काम वेगळं आहे. इथे आपण स्वतःच्या किल्लीने उघडणाऱ्या, स्वतःचं स्वयंपाकघर असलेल्या घराबद्दल बोलतोय.

विकत घ्यायच्या घरांचं पुण्यात माहीत असलेलं उदाहरण म्हणजे परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’ वसाहती. अशा घरात करारनाम्याची नोंदणी होते, मुद्रांक शुल्क भरावं लागतं, इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्यावर, आपलं नाव येतं. पुणे शहरात हे शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के आहे. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ६ टक्के. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ६० लाखांच्या घरावर ४ लाख २० हजार शुल्क, आणि एकट्या मावशीच्या नावावर घेतलं तर ३ लाख ६० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही.

डिपॉझिटच्या घराचं गणित बघा. ३० लाख परत मिळणारं डिपॉझिट, महिन्याचं लायसन्स शुल्क २०,००० आणि मुदत पाच वर्षं असं धरू. महाराष्ट्रात अशा कराराचं मुद्रांक शुल्क काढताना डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे पाच वर्षांचे १५ लाख. त्यात लायसन्स शुल्काचे पाच वर्षांचे १२ लाख मिळवायचे आणि येणाऱ्या २७ लाखांवर ०.२५ टक्के आकारायचे. झाले ६,७५० रुपये. काकांना हे फारच आवडलं. पण एकीकडे सव्वाचार लाख आणि दुसरीकडे पावणेसात हजार असं का, हे मी त्यांना विचारलं. पहिल्यात मालमत्ता हस्तांतरित होते, दुसऱ्यात होत नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहण्याची परवानगी. तिने जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला ती परत घेण्याची सोपी वाट दिलेली आहे. काकांच्या फाईलमध्ये माहितीपत्रकावर ‘आजन्म निवास’ असं छापलं होतं. आतल्या करारात ‘साठ महिने’ होतं, आणि नूतनीकरण ‘संस्थेच्या निर्णयानुसार’. पंचाहत्तराव्या वर्षी कुणी जागा सोडा म्हणालं तर जायचं कुठे, हा प्रश्न मावशीने तिथल्या तिथे विचारला.

आणखी एक शब्द घोटाळा करतो, तो म्हणजे लीज. विक्री प्रतिनिधी लायसन्सलाही लीज म्हणतात आणि ९९ किंवा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यालाही. लांब मुदतीचा भाडेपट्टा जवळपास खरेदीसारखाच असतो. लवासातल्या ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा व्यवहारांना रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा, लागू होतो असा निर्णय दिला. पाच वर्षांच्या लायसन्सला ते संरक्षण मिळत नाही, कारण भाड्याने राहणारा माणूस रेराच्या व्याख्येत ग्राहक म्हणून बसतच नाही. त्यामुळे कुणी ‘लीज आहे’ म्हणालं की किती वर्षांची ते विचारा आणि कागदाचं शीर्षक वाचा.

सगळ्यात मोठा फटका मात्र करात बसतो, आणि तो जुनं घर विकून झाल्यावर कळतो. राहतं घर विकून झालेल्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं, म्हणजे विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम, तर त्या घरात गुंतवलेल्या रकमेपुरता दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर माफ होतो. मावशीच्या घरासारखी २००१ पूर्वीची खरेदी असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. तरीही कोथरूडमधल्या आजच्या भावाने नफा मोठाच निघतो. डिपॉझिट भरणं म्हणजे घर खरेदी करणं नाही, त्यामुळे त्या ३० लाखांवर ही सवलत मिळत नाही. मग सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांच्या ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणं एवढाच मार्ग उरतो, आणि ते पैसे पाच वर्षं अडकतात. सीएकडे जायचं ते जुन्या घराचं टोकन घेण्याआधी. मावशीचे सीए म्हणाले, लोक बहुधा व्यवहार उरकून पेढे घेऊन येतात.

डिपॉझिट ‘परत मिळणारं’ असतं म्हणून ते फुकट नसतं, हेही काकांना पटवावं लागलं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. म्हणजे तिमाहीला ६१,५०० रुपये. ते पैसे डिपॉझिटमध्ये गेले की महिन्याचे साडेवीस हजार उत्पन्न गेलं. मासिक शुल्कात तेवढे मिळवा, मग खरा महिन्याचा खर्च दिसतो.

परत मिळणं म्हणजे काय, ते माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही अनुभवलं. त्या शहराबाहेरच्या एका वसाहतीत डिपॉझिटवर राहत होत्या. त्या गेल्यावर आठवड्याभरात आम्ही खोली रिकामी करून दिली. डिपॉझिट मात्र चौदा महिन्यांनी हातात आलं आणि त्यातून रंगकाम, फरशीची दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्यांचा देखभाल खर्च कापलेला होता. करारात तसं लिहिलेलं होतं: नवा रहिवासी आल्यावर परतावा. सह्या करताना ते वाक्य आमच्यापैकी कुणीच वाचलं नव्हतं, आणि ते मला अजून लागतं. म्हणून अशा करारात परताव्याची तारीख दिवसांत लिहून घ्या, त्याला नवा माणूस येण्याची अट नको. पती-पत्नी दोघांची नावं लायसन्सधारक म्हणून हवीत, नाहीतर एक गेल्यावर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क अधांतरी राहतो. आणि संस्था बुडाली तर डिपॉझिट देणारा माणूस बँकांच्या मागे रांगेत उभा असतो. ज्याच्या नावावर नोंदणीकृत घर आहे त्याची ही अवस्था होत नाही.

इतकं वाचून विकतचं घर बरं असं वाटेल, आणि माझाही कल बऱ्याच जोडप्यांसाठी तिकडेच आहे. पण त्यातही एक फसगत आहे. आपण मालक होतो ते भिंतींचे. जेवण, नर्स, रुग्णवाहिका हे सगळं वेगळ्या सेवा करारातून येतं आणि तो करार दरवर्षी महाग होऊ शकतो. सेवा पुरवणारी कंपनी निघून गेली तर आपण पुन्हा साध्या सोसायटीतले रहिवासी, फक्त शेजारी सगळे सत्तरीचे. सोसायटी स्थापन झाल्यावर सेवा देणारा कोण ठरवणार, दरवाढीला मर्यादा काय, हे विकत घेतानाच विचारायला हवं.

शिवाय मागे राहणाऱ्यांचाही प्रश्न असतो. मावशीची मुलगी बंगळूरला, वय अडतीस. घर तिला वारशाने मिळेल, पण वसाहतीची वयाची अट असेल तर ती तिथे राहू शकणार नाही. विकायचं तर गिऱ्हाईकही साठीच्या आसपासचं शोधावं लागतं. बाजार लहान, म्हणून वेळ लागतो आणि तोवर देखभाल खर्च चालू राहतो. भाड्याने दिलं तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) घेऊ शकते, फार तर सेवाशुल्काच्या १० टक्के. आणि फक्त नॉमिनेशन करून गप्प बसू नका. सोसायटी नॉमिनीच्या नावावर भाग (शेअर) हस्तांतरित करते, पण मालकी वारसांचीच राहते. मृत्युपत्र करा. घर एकट्या मावशीच्या नावावर घेऊन साठ हजार वाचवायचे असतील तर ते आणखी निकडीचं.

आमच्या शेजारच्या बाई, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, त्यांनी मात्र डिपॉझिटचं घर घेतलं आणि ते योग्यच केलं असं मला वाटतं. विकायला जुनं घर नव्हतं, त्यामुळे कराचा प्रश्न नव्हता. भाच्यांच्या गळ्यात फ्लॅटची विक्री घालायची नव्हती. डिपॉझिट त्यांच्या एकूण ठेवींच्या पाचव्या हिश्शाएवढं होतं आणि वसाहत एका जुन्या न्यासाची. आधी पावसाळ्यात पंधरा दिवस त्या तिथे राहून आल्या.

आता प्रत्यक्ष घराबद्दल. महारेराने, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष घालून दिले. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, जिना किमान १,५०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडे, सलग १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, एक मजल्याहून उंच इमारतीला लिफ्ट, बाथरूमला न घसरणाऱ्या फरश्या, झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये धोक्याची घंटा. विक्रीच्या करारनाम्यात हे यायला हवं. आम्ही टेप घेऊनच गेलो. एका ठिकाणी संडासाशेजारी छान चकचकीत दांडा होता. काकांनी उठताना त्यावर भार दिला आणि भिंतीतला स्क्रू अर्धा इंच बाहेर आला. तो टॉवेल अडकवायचा दांडा होता. आधाराचा दांडा जाड असतो, पकडायला खरखरीत असतो आणि विटेत खोलवर रोवलेला असतो. तुम्हीही धरून, लोंबकळून बघा, संकोच करू नका.

क्षेत्रफळ विचाराल तर कार्पेटच विचारा. रेराच्या व्याख्येत त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत.

घर लहान हवं, पण किती लहान? दोघांपैकी एकाला शुश्रूषेसाठी चोवीस तासांची ब्युरोची बाई लागली तर ती रात्री झोपणार कुठे, हे जवळजवळ कुणी विचारत नाही. डिपॉझिटच्या काही वसाहतींत अशा वेळी माणसाला शुश्रूषा विभागात हलवण्याचा अधिकार संस्थेकडे असतो. तिथे जोडीदार वेगळ्या इमारतीत राहतो. विकतच्या घरात कुणी हलवू शकत नाही, पण बाईची सोय आपल्यालाच करावी लागते.

मावशी-काकांनी शेवटी विकतचं घर घ्यायचं ठरवलं, पण करारनाम्यावर सही करण्याआधी मावशीने एक काम केलं. कोथरूडच्या हॉलमधलं सामान भिंतीला सरकवून तिने रांगोळीच्या खडूने फरशीवर नव्या घराची झोपायची खोली आखली, दहा बाय अकरा फूट. त्यात खऱ्याच दोन कॉट ठेवल्या. कपाटाच्या जागी वर्तमानपत्रं पसरली. व्हीलचेअर वळायला पाच फुटांचा गोल लागतो, तोही सुतळीने काढला. गोल कपाटावर चढला. काका बराच वेळ गोलाच्या मध्ये उभे राहून बघत होते. मग त्यांनी वर्तमानपत्रं उचलली आणि बाहेर, हॉलच्या भिंतीपाशी नेऊन पसरली. "कपाट इथे. आणि बाईची कॉट त्याच्या शेजारी," ते म्हणाले. मावशीने खडू घेतला आणि तिथे सहा बाय अडीच फुटांची चौकट काढली.