हवाई प्रवाशांवरील सरकारी पाळत (नवी मुंबई)

उलव्याच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. ठाणे-पनवेलकरांचा मुंबईच्या सहार विमानतळाचा फेरा वाचला, पण प्रवाशावरच्या पाळतीचे नियम दोन्हीकडे सारखेच. लोक बिचकतात ते चेहरा टिपणाऱ्या कॅमेऱ्याला. जास्त काळ जपली जाते ती मात्र तिकिटाची नोंद.

चेहरा टिपणारी 'डिजी यात्रा' १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू व वाराणसीत सुरू झाली. ॲपमध्ये आधार जोडायचे, सेल्फी काढायचा, बोर्डिंग पास टाकून तो विमानतळाकडे पाठवायचा. ई-गेटवर बारकोड आणि चेहरा जुळला की फाटक उघडते. मराठी प्रवाशाचे घोडे अनेकदा नावावर अडते. आधारवर मधले नाव असते, तिकिटावर नसते. किंवा आधार सासरच्या आडनावाने आणि तिकीट माहेरच्या. अशा वेळी मूळ ओळखपत्र घेऊन नेहमीच्या रांगेत जावे. योजना ऐच्छिक आहे, रांगेतल्या कर्मचाऱ्याने आग्रह केला तरी. संमती न विचारताच चेहरे टिपल्याच्या तक्रारी मागे झाल्या आहेत.

विमान सुटल्यावर २४ तासांत विमानतळाने ही माहिती पुसायची असते. मात्र सुरक्षेच्या कारणासाठी ही मुदत बदलण्याची मुभा धोरणातच ठेवली आहे. योजना चालवणाऱ्या डिजी यात्रा फाउंडेशनमध्ये विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला पाच विमानतळ कंपन्यांचा.

परदेशी जाता-येताना मात्र संमतीचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार विमान कंपनीने प्रत्येक प्रवाशाची पीएनआर, म्हणजे तिकीट आरक्षणाची नोंद सुटण्याच्या २४ तास आधी सीमाशुल्क खात्याला द्यायची असते. तीत संपर्क क्रमांक, पैसे कसे भरले, एजंट कोण, आसन, सामान, सहप्रवासी असे सारे येते. ही नोंद पाच वर्षे राहते, नंतर तिच्यातली ओळख झाकली जाते. गरज पडल्यास इतर तपास यंत्रणांनाही ती मिळू शकते. डिजी यात्रा नाकारून यातून सुटका होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला खरा, पण २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या कलम १७ खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते.

सगळ्यात वाईट फजिती लुकआउट सर्क्युलरची, म्हणजे एखाद्याला सीमेवर अडवण्यासाठी काढलेल्या सूचनेची. प्रवाशाला ते आधी कळवत नाहीत. बॅगा चेक-इन झाल्यावर इमिग्रेशन काउंटरवरच उलगडा होतो. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्या यंत्रणेने सर्क्युलर काढायला लावले तिने रद्द करण्याची विनंती करेपर्यंत ते लागू राहते. प्रकरण मिटले तरी रद्द करण्याच्या विनंतीचे पत्र इमिग्रेशन ब्युरोकडे गेले नसेल, तर नाव यादीत तसेच राहते. म्हणून मूळ यंत्रणेकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी बँकांच्या अधिकाऱ्यांचा अशी सर्क्युलरे मागण्याचा अधिकार रद्द ठरवला.