हेड स्टडसाठी इंजिन ब्लॉकची भोके वाढवणे

सिलिंडर हेड ब्लॉकवर आवळून धरणाऱ्या मूळ बोल्टांच्या जागी अधिक जाड स्टड (डोके नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) बसवता यावेत म्हणून ब्लॉकमधील आट्यांची भोके मोठी करून त्यांत नव्या मापाचे आटे पाडण्याची ही क्रिया आहे. टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनांत, विशेषतः डिझेल इंजिनांत, ज्वलनाच्या दाबाने हेड किंचित उचलले जाऊन गॅस्केट, म्हणजे हेड व ब्लॉक यांच्यामधील सांधा बंद ठेवणारा पातळ थर, उडू लागले की हा उपाय केला जातो. अमेरिकेत १९८९ पासून डॉज रॅम पिकअपमध्ये बसवले गेलेले कमिन्सचे ५.९ लिटर, सहा सिलिंडरांचे इंजिन हे त्याचे परिचित उदाहरण होय. हे इंजिन कमिन्सच्या बी-मालिकेतले असून याच मालिकेची इंजिने टाटा कमिन्सने जमशेदपूरला तयार केल्यामुळे भारतीय ट्रकदुरुस्तीवाल्यांनाही ती नवखी नाहीत.

या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १०२ मिमी असून हेड १२ मिमी व्यासाच्या २६ बोल्टांनी आवळलेले असते. ज्वलनाचा दाब २०० बार धरला, तर एकाच सिलिंडरवर हेडला वर ढकलणारे बल सुमारे १६३ किलोन्यूटन, म्हणजे साडेसोळा टनांच्या वजनाइतके होते. बोल्टांचा एकत्रित ताण या बलापेक्षा बराच जास्त राहिला, तरच गॅस्केट दाबलेले राहते. १२ मिमी बोल्टचा ताण घेणारा छेद ८४.३ चौ. मिमी असतो आणि १४ मिमी स्टडचा ११५ चौ. मिमी, म्हणजे व्यास दोनच मिलिमीटरने वाढला तरी छेद ३६ टक्क्यांनी वाढतो. स्टडचा आणखी एक फायदा असा की तो ब्लॉकमध्ये हाताने बसवून वरून फक्त नट आवळायचा असल्याने ब्लॉकमधील आट्यांवर घासण्याचा भार येत नाही.

मापांची एक सोय मात्र आयतीच मिळते. १४ मिमी व्यास व २ मिमी पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधील अंतराच्या) आट्यांसाठी १२ मिमीचे ड्रिल लागते आणि जुन्या आट्यांचा बाहेरचा व्यासही तितकाच असतो, त्यामुळे एकाच फेरीत जुने आटे पुसले जाऊन नव्या आट्यांचे भोक तयार होते. ड्रिल चालवणे हा यातला सोपा भाग आहे. ते डेकशी, म्हणजे ब्लॉकच्या हेड बसणाऱ्या सपाट पृष्ठभागाशी, काटकोनात ठेवणे हा अवघड. स्टड अर्धा अंश जरी कलला तरी १०० मिमी उंचीवर त्याचे टोक जवळजवळ ०.९ मिमी सरकते, आणि हेडमधील भोक १५ मिमीचे केले असेल तर स्टडभोवती प्रत्येक बाजूला जागा असते अवघी अर्धा मिमी. अशा वेळी हेड स्टडांवरून खाली उतरतच नाही, आणि ठोकून उतरवले तर सगळी मेहनत वाया जाते.

कारखान्यात हे काम मिलिंग किंवा रेडियल ड्रिल यंत्रावर होते. घरी करणारे लोक जाड पोलादी पट्टी डॉवेलांच्या (जागा नेमकी ठरवणाऱ्या खुंट्यांच्या) आधारे डेकवर बसवतात, तीत ड्रिलला सरळ वाट देणारी, कठीण केलेली बुशे घालतात आणि चुंबकी तळाच्या ड्रिल यंत्राने एकेक भोक घेतात. न वाढवलेल्या भोकांतील बोल्ट तोवर पट्टी धरून ठेवतात आणि शेवटच्या भोकांच्या वेळी ते काम नव्या स्टडांकडे जाते. आधीच असलेल्या भोकात दोन धारांचे साधे ड्रिल अडकते व झटके देते, म्हणून तीन किंवा चार धारांचे कोअर ड्रिल बरे. भोकाच्या तोंडाला थोडी खाच देणे आवश्यक असते, नाहीतर आवळताना पहिला आटा डेकच्या पातळीवर उचलला जाऊन तेथेच गॅस्केट नीट बसत नाही. ब्लॉकचे बीड (ओतीव लोखंड) कापताना चुरा पावडरीसारखा निघतो व तेलाच्या वाटांत शिरतो, त्यामुळे त्या आधी बंद करणे आणि शेवटी ब्लॉक पूर्ण धुणे हे ड्रिलिंगइतकेच महत्त्वाचे आहे. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या थंड पाण्याच्या पोकळीत) उघडत असेल तर स्टडला सीलंट लागते.

काम ब्लॉकपुरते संपत नाही. हेडची व गॅस्केटची भोके वाढवावी लागतात आणि बारा वाल्वच्या इंजिनात काही बोल्ट रॉकरच्या (वाल्व उघडणाऱ्या तरफांच्या) आधारांतून जात असल्याने तेथेही फेरबदल करावा लागतो. वाढलेल्या ताणाने बोअर वेडावाकडा होतो, म्हणून त्याचे होनिंग (आतून घासून नेमके माप देणे) डेकवर हेडच्या जागी तितक्याच ताणाने आवळलेली जाड पट्टी, म्हणजे टॉर्क प्लेट, लावून करतात.

प्रत्येक इंजिनाला हा खटाटोप लागतोच असे नाही. २,२०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकदीच्या पोलादाचा १४ मिमी स्टड हिशेबाने सुमारे १७४ किलोन्यूटन सहन करतो, तर २,६०,००० पीएसआयच्या मिश्रधातूचा १२ मिमी स्टड सुमारे १५१. फरक १५ टक्क्यांचा, आणि दुसऱ्या पर्यायात ब्लॉकला ड्रिल लावावेच लागत नाही. भोक आणि बोअर किंवा पाण्याचे जॅकेट यांच्यामधील बीडाची भिंत पातळ असेल, तर महागडा १२ मिमी स्टडच स्वस्त पडतो.