मोंटानाचा बडतर्फीविषयक कायदा

अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी मोंटाना या एकाच राज्यात, परिवीक्षाकाळ पूर्ण केलेल्या खासगी नोकराला सबळ कारणाशिवाय कामावरून काढणे सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. हे संरक्षण १९८७ साली राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या ‘राँगफुल डिस्चार्ज फ्रॉम एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्ट’ या कायद्याने मिळते. उरलेल्या ४९ राज्यांत ‘अ‍ॅट-विल’ तत्त्व चालते. नोकरीची मुदत ठरलेली नसेल, तर मालक कोणत्याही दिवशी, कोणतेही कारण न देता नोकराला घरी पाठवू शकतो आणि नोकरही तसाच सोडून जाऊ शकतो. वंश, धर्म, लिंग, वय अशा कारणांवरून भेदभाव करण्यास बंदी आहे, संघटना बांधल्याबद्दल काढता येत नाही. पण अशा अपवादांबाहेर मालकाला कारण विचारणारे सहसा कोणी नसते. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मराठी माणसाच्या नेमणूकपत्रातही बहुधा हाच शब्द असतो आणि भारतातील कामगार कायद्यांची सवय असलेल्याला त्याचा पुरता अर्थ नोकरी जाते त्या दिवशीच कळतो.

या तत्त्वाचा उगम साधारणपणे होरेस वुड या कायदेपंडिताच्या १८७७ सालच्या ग्रंथात सांगितला जातो. मुदत न ठरलेली नोकरी दोन्ही पक्षांच्या मर्जीवर असते, असे त्याने मांडले आणि पुढच्या काही दशकांत एकामागून एक राज्यांच्या न्यायालयांनी ते उचलून धरले. मोंटानाने तर १८९५च्या दिवाणी संहितेतच त्याला जागा दिली. १८८९ साली संघराज्यात सामील झालेल्या या राज्यावर तेव्हा तांब्याच्या खाणींची सत्ता होती.

त्या सत्तेची ओळख करून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही. ब्यूट हे खाणींचे शहर कामगार संघटनांचे माहेरघर होते. ‘वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स’ ही लढाऊ संघटना १८९३ साली तेथेच स्थापन झाली. पण १९१४मध्ये स्थानिक संघटना आपसांतल्या भांडणात मोडली. त्याआधीच, १९१२ साली, तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीने ‘रस्टलिंग कार्ड’ची पद्धत आणली होती. खाणीच्या तोंडाशी जाऊन काम मागायचे, तर आधी कंपनीच्या कचेरीतून हे कार्ड मिळवावे लागे. कार्ड देण्यापूर्वी माणसाचा पूर्वेतिहास तपासला जाई आणि नको असलेल्या माणसाला ते मिळत नसे. म्हणजे काढून टाकण्याचा हक्क मालकाकडे होताच, शिवाय पुन्हा कोठे काम मिळू न देण्याची चावीही त्याच्याच हाती गेली. जून १९१७मध्ये स्पेक्युलेटर खाणीला आग लागून दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतरच्या संपात खाणीतल्या सुरक्षेबरोबरच हे कार्ड रद्द करण्याचीही मागणी होती. त्याच संपाच्या काळात, १ ऑगस्टच्या पहाटे, संघटक फ्रँक लिटल याला बिऱ्हाडातून ओढून नेऊन फाशी देण्यात आले. त्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

कायद्याला जन्म मात्र खाणीने दिला नाही. ब्यूटची प्रचंड बर्कली खाण १९८२ साली बंद पडली आणि त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विमा कंपनीतल्या रोखपाल बाईच्या दाव्यात वेगळी वाट धरली. तिला कसलीही ताकीद न देता बोलावून, राजीनामा दे नाहीतर काढून टाकतो, असे सांगण्यात आले होते. कंपनीच्या नियमपुस्तिकेत आधी ताकीद देण्याची पद्धत लिहिलेली होती. पुस्तिका तिच्या नेमणुकीनंतर निघाल्याने ती कराराचा भाग नाही, असे न्यायालयाने मान्य केले. तरीही मालकाने स्वतःच घातलेले नियम पाळण्याची, सचोटीने व न्यायाने वागण्याची हमी नोकरीच्या नात्यात अंतर्भूत असते, असा निर्णय दिला. वर्षभराने तोच खटला पुन्हा वर आला. तेव्हा ही हमी मोडणे हा केवळ करारभंग नसून दिवाणी अपकृत्य, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणारे गैरकृत्य आहे, म्हणून दंडात्मक भरपाईही देता येते, असे न्यायालय म्हणाले.

मालकांची झोप उडाली ती या दुसऱ्या निकालाने. अपकृत्य म्हटले की भरपाईचा आकडा ज्यूरीच्या हाती जातो. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेल्या एका निकालात, २८ वर्षे काम केलेल्या बँक कर्मचारी महिलेला बुडालेल्या पगाराशिवाय मनस्तापाबद्दल एक लाख आणि दंडात्मक भरपाई म्हणून १३ लाख डॉलर मिळाले. अशा निकालांमुळे उद्योजक आणि विमा कंपन्या विधिमंडळाकडे धावल्या.

मोंटानाचे विधिमंडळ लहान आणि अल्पकाळ बसणारे आहे. प्रतिनिधिगृहात १००, सेनेटमध्ये ५० सदस्य. नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी, तेही जास्तीत जास्त ९० दिवसांचे. १९८७च्या अधिवेशनात हा कायदा झाला, तेव्हा टेड श्विंडन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर होते. कायद्याच्या मुळाशी उघड देवाणघेवाण होती. मालकांनी मर्जीने काढण्याचा हक्क सोडला आणि बदल्यात नोकरांकडून मोठ्या भरपाईचा मार्ग काढून घेतला. कामगार चळवळीचा विजय म्हणून या कायद्याचे वर्णन पुष्कळदा होते. ते अर्धेच खरे आहे. विधेयकामागचा मोठा रेटा मालकांच्या बाजूने आला होता.

कायद्यानुसार बडतर्फी तीन प्रसंगी गैर ठरते. सार्वजनिक हिताचा नियम मोडायला नकार दिल्याचा किंवा असा नियमभंग उघड केल्याचा सूड म्हणून काढले तर. परिवीक्षाकाळ संपल्यावर सबळ कारणाशिवाय काढले तर. आणि मालकाने आपलेच लेखी सेवानियम मोडून काढले तर. राजीनामा द्यावाच लागेल अशी परिस्थिती निर्माण करणे हीदेखील बडतर्फीच धरली जाते. यांपैकी सर्वांत जास्त वाद होतात ते दुसऱ्या कलमावर. काम समाधानकारक न करणे, कामकाजात अडथळा आणणे किंवा धंद्याचे अन्य रास्त कारण, अशी सबळ कारणाची व्याख्या आहे. ‘रास्त कारण’ या शब्दांत काहीही बसवता येईल, ही भीती साहजिक होती. १९९१ साली बिलिंग्ज येथील एका मोटारविक्री कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने त्याला कुंपण घातले. कारण खोटे, लहरी किंवा मनमानी नसावे आणि धंद्याच्या गरजेशी त्याचा तर्कशुद्ध संबंध असावा. वरिष्ठ व्यवस्थापकांच्या बाबतीत मात्र न्यायालये मालकाला बरीच जास्त मोकळीक देतात.

भरपाईच्या बाबतीत कायदा काटेकोर आहे, आणि माझ्या मते त्याची दुखरी जागाही हीच. बुडालेला पगार व इतर लाभ जास्तीत जास्त चार वर्षांचे मिळतात. त्यातून मधल्या काळात कमावलेली, किंवा नेटाने शोध घेतला असता तर कमावता आली असती अशी रक्कम वजा होते. मनस्तापाबद्दल काही नाही. दंडात्मक भरपाई फक्त सुडाने काढल्याच्या प्रकरणात, तीही प्रत्यक्ष कपट वा द्वेष ठोस पुराव्याने सिद्ध झाला तरच. नोकरी परत मिळवून देण्याची तरतूद कायद्यात नाही. शिवाय करारभंग किंवा अपकृत्य या जुन्या वाटांनी बडतर्फीचा दावा लावता येत नाही.

हिशेब मांडला की परिणाम दिसतो. वर्षाला ३०,००० डॉलर मिळवणाऱ्या हॉटेल कामगाराला खोट्या कारणाने काढले आणि त्याने तीन महिन्यांत तेवढ्याच पगाराचे दुसरे काम मिळवले, तर पगारापोटी त्याचा दावा उरतो ७,५०० डॉलरचा. वकील निकालाच्या रकमेतून तिसरा हिस्सा घेणार असेल, तर वकिलाच्या वाट्याला २,५०० येतात. तेवढ्यासाठी वर्षभर खटला लढवायला कोण तयार होईल? गलेलठ्ठ पगाराच्या माणसाला हा कायदा वापरता येतो, तळाच्या कामगाराला अवघड जातो. लवादाच्या कलमाने ही अडचण थोडी हलकी केली आहे. एका पक्षाने लवादाचा प्रस्ताव दिला, दुसऱ्याने नाकारला आणि प्रस्ताव देणारा जिंकला, तर प्रस्तावानंतरचा त्याचा वकिलाचा रास्त खर्च दुसऱ्या पक्षावर पडतो.

दावा एका वर्षात लावावा लागतो. मालकाकडे अंतर्गत तक्रारनिवारणाची लेखी पद्धत असेल, तर आधी ती वापरून संपवावी लागते. भेदभावाच्या तक्रारी या कायद्याखाली येतच नाहीत. त्या राज्याच्या मानवी हक्क कायद्यानुसार साधारणपणे १८० दिवसांत नोंदवायच्या असतात. संघटनेच्या सामूहिक कराराखाली येणारे आणि ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर असलेले नोकरही कक्षेबाहेर आहेत.

१९८९ साली हा कायदाच न्यायालयासमोर उभा राहिला. मोंटानाच्या १९७२च्या राज्यघटनेत प्रत्येक अन्यायावर पूर्ण कायदेशीर दाद मिळण्याची हमी आहे. भरपाईला घातलेली मर्यादा या हमीचा भंग करते, असा नर्सिंग होम चालवणाऱ्या एका कंपनीविरुद्धच्या खटल्यातला आक्षेप होता. पूर्ण दाद हा मूलभूत हक्क आहे, असे याच न्यायालयाने १९८३ आणि १९८५च्या निकालांत म्हटले होते. आता ते निकाल त्याने स्वतःच मागे घेतले आणि कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती जॉन शीही यांनी अत्यंत कडक शब्दांत विरोधी मत नोंदवले. त्यांचा युक्तिवाद मला पटतो. घटनेने दिलेली दाद विधिमंडळाला छाटता येत असेल, तर ती घटनेत लिहिण्याचे प्रयोजन कमी होते. मोंटानात मधले अपील न्यायालय नाही. जिल्हा न्यायालयातून अपील थेट सात न्यायमूर्तींच्या सर्वोच्च न्यायालयात जाते आणि हे न्यायमूर्ती आठ वर्षांसाठी लोकांच्या मतांनी निवडले जातात. त्यामुळे या राज्यात नोकरीविषयक कायदा फार थोड्या हातांनी घडतो.

१९९१ साली सर्व राज्यांसाठी अशाच प्रकारचा एक नमुना कायदा तयार झाला. तो कोणत्याही राज्याने स्वीकारला नाही. पोर्तो रिकोत १९७६पासून याच्याशी मिळताजुळता कायदा आहे, पण ते राज्य नव्हे. खुद्द मोंटानात २०२१च्या अधिवेशनाने तराजू मालकाकडे झुकवला. नियमांत न ठरवलेला परिवीक्षाकाळ सहा महिन्यांवरून बारा महिन्यांचा झाला आणि मालकाला तो अठरा महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. या काळात जुने मर्जीचे तत्त्वच लागू असते. लेखी सेवानियमांचा भंगही आता किरकोळ असून चालत नाही. त्या भंगामुळे नोकरी टिकवण्याची वाजवी संधी हिरावली गेली, हे नोकराला दाखवावे लागते. गव्हर्नर ग्रेग जियानफोर्टे यांच्या सहीने हे बदल अमलात आले.