कृमीच्या घड्याळापासून हृदयाच्या पेशीपर्यंत

मूलपेशींपासून, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून, हृदयाच्या पेशी घडवण्याच्या संशोधनात आज मायक्रोआरएनए हा शब्द पदोपदी भेटतो. मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांना लगाम घालणारा आरएनएचा इवलासा तुकडा. त्याची गोष्ट सुरू होते ती मात्र जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, हृदयच नसलेल्या सी. एलिगन्स या कृमीपासून.

या कृमीचा एक बिघडलेला वाण मोठाच व्हायचा नाही. अळीची पहिली अवस्था पुन्हा पुन्हा गिरवत राहायचा. व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचे लिन-४ हे जनुक हुडकले, तर त्यापासून प्रथिन बनतच नव्हते. बनत होता जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. गॅरी रव्हकुन अभ्यासत असलेल्या लिन-१४ जनुकाशी तो ताडून पाहिला आणि उलगडा झाला: हा तुकडा लिन-१४च्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या प्रतीला) चिकटतो आणि प्रथिन बनू देत नाही. वाढीची पुढची पायरी कधी चढायची, हे तोच ठरवत होता. हाच पहिला मायक्रोआरएनए. १९९३ साली हे प्रसिद्ध झाले, पण कृमीपुरतेच असेल म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०००मध्ये लेट-७ हा दुसरा तुकडा माणसातही सापडला, तेव्हा डोळे उघडले. अँब्रोस आणि रव्हकुन यांना नोबेल मिळायला २०२४ उजाडले.

इकडे १९९८मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. तीन वर्षांत त्यांच्यापासून बशीत आपोआप धडधडणारे पुंजके मिळाले. पण बऱ्याच पेशी भलतीकडेच जायच्या. त्यांना वळण कोण लावते?

हृदयसंशोधक दीपक श्रीवास्तव यांच्या गटाने मिर-१ या मायक्रोआरएनएवर बोट ठेवले. उंदरांत तो बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकच काढले, तरी सुमारे निम्मे उंदीर दगावले. अनेकांच्या हृदयाच्या पडद्याला भोक होते. २००८चा मूलपेशींवरचा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. मिर-१ आणि मिर-१३३ हा दुसरा मायक्रोआरएनए आरएनएच्या एकाच लांब धाग्यातून कापून निघतात. दोघेही मूलपेशीला आधी भ्रूणाच्या मधल्या थराकडे नेतात. पुढे मात्र मिर-१ तिला हृदयस्नायूकडे ढकलतो, तर मिर-१३३ मागे खेचतो.

२०१९मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या डुकरांना विषाणूमार्फत मिर-१९९ए हा हृदयाच्या पेशींना पुन्हा विभागायला लावणारा मायक्रोआरएनए दिला. महिन्याभरात व्रण आकसला, हृदय जोमाने आकुंचन पावू लागले. पण तो बनणे थांबवण्याची सोय नव्हती. ठोके बिघडून बहुतेक डुकरे अचानक मेली.